योग्य ती व्यवस्था

पेंटरताईने रंग खरवडायचे पाते कडीच्या फटीत घातले आणि अंगातला सगळा जोर लावून पिळले. पाते वाकले, कडी हलली नाही. कडीभोवती तार गुंडाळलेली होती, एकदा गुंडाळून भागले असते तिथे पुन्हा पुन्हा, आणि तिचे टोक मुडपून आत दाबलेले. पिंजऱ्याच्या मागच्या लहान कप्प्यात, जिथे धड पाठसुद्धा ताणता आली नसती, तिची मांजर अंग चोरून बसली होती. पांढऱ्या अंगावर काळे-तांबडे तुकडे जोडल्यासारखी, म्हणून तिचे नाव ठिगळ. एरवी खायला जरा उशीर झाला की आळी डोक्यावर घेणारी ही बया आत्ता आवाज काढत नव्हती. पेंटरताईला तेच बघवेना.

"ताई, नका ना तोडू," मागून वॉचमन म्हणाला. "माझी नोकरी जाईल."

"जाऊ दे."

"असं काय बोलता."

"मांजरं कोंडायची नोकरी असेल तर जाऊ दे म्हणते. दुसरी बघ."

पिंजरा खाणीच्या तोंडाशी, झुडपांच्या आडोशाला ठेवला होता. पुढचा मोठा कप्पा कोल्ह्यासाठी. आत पाऊल पडले की मागे दार खाली येणार. मागचा लहान कप्पा आमिषासाठी, आणि मधे जाळी. आमिषाने काही करायचे नव्हते. नुसते जिवंत असायचे होते, घाबरायचे होते आणि वास द्यायचा होता. पिंजरा आणून ठेवणारा माणूस तसे सांगून गेला होता, आणि वॉचमनने ते तिला आत्ताच, जणू त्यात काही दिलासा असावा अशा आवाजात, पुन्हा सांगितले होते.

"ही माझी आहे हे तुला ठाऊक नव्हतं?" तिने पाते बाजूला टाकले आणि तारेला बोटांनीच हात घातला. "रोज तुझ्या खुर्चीवर येऊन झोपते. तूच उठून तिला जागा देतोस."

वॉचमनने मान खाली घातली.

"ठाऊक आहे. मी अध्यक्षसाहेबांना म्हटलंही, ही मागच्या रांगेतली आहे, पेंटरताईची. ते म्हणाले, गळ्यात पट्टा आहे का? नाही म्हटलं. मग म्हणाले, बोर्डाप्रमाणे कर."

"कुठला बोर्ड?"

ती थट्टा करते आहे की काय, अशा नजरेने त्याने तिच्याकडे पाहिले.

"गेटवरचा. तुम्हीच रंगवलाय की, ताई."

तारेचे टोक तिच्या अंगठ्यात घुसले. तिने हात झटकला आणि पुन्हा तार धरली. वॉचमन थोडा वेळ ते बघत राहिला. मग त्याने खिशातून पक्कड काढली, वाकून जमिनीवर ठेवली आणि खाणीकडे तोंड करून उभा राहिला, कुणी विचारलेच तर मी काही पाहिले नाही म्हणून शपथेवर सांगता यावे, तसा.

*

ती रंगवताना वाचत नसे. हे सांगून कुणाला पटले नसते, पण खरे होते. बाप पाट्या रंगवायचा आणि पोरीच्या हातात ब्रश देताना त्याने पहिली गोष्ट शिकवली ती हीच: अक्षर बघ, वाचू नकोस. वाचायला लागलीस की हात शब्दाच्या शेवटाकडे धावतो आणि मधले काने-मात्रे खातो. आधी शिरोरेघ, मग ओळीतल्या सगळ्या उभ्या रेघा, मग पोटे, मग शेपट्या. असे केले की अक्षर सुबक येते आणि अर्थ डोक्याला त्रास देत नाही. या पद्धतीने तिने दवाखान्यांच्या पाट्या रंगवल्या, खानावळींच्या रंगवल्या, एका पुढाऱ्याचे अख्खे आश्वासन भिंतभर रंगवले, आणि त्यातला एकही शब्द तिच्या डोक्यात राहिला नाही. बाप गेल्यावर लोकांची पंचाईत झाली. नुसते पेंटर म्हणावे तर ही बाई, पेंटरीण म्हणावे तर पेंटरची बायको वाटायची, आणि हिचा नवरा तर ट्रकवर, महिन्यातून एकदा पाहुण्यासारखा घरी येणारा. मग कुणीतरी पुढे ताई जोडले आणि ते चिकटले.

ठिगळला छातीशी धरून ती मागच्या वाटेने घराकडे निघाली तेव्हा तिच्या डोक्यात मात्र एकच ओळ आठवायची खटपट चालली होती, आणि ती आठवत नव्हती. पत्र्याचा रंग आठवत होता. पिवळा. अक्षरांची उंची आठवत होती. एक 'ळ' मनासारखा उतरला होता, म्हणून ती चहाचा कप घेऊन त्याच्यासमोर जरा वेळ उभी राहिली होती, तेही आठवत होते. 'ळ' कुठल्या शब्दातला, ते गेले कुठल्या कुठे.

वसाहत म्हणावी तर एक, आणि राहायचे म्हटले तर दोन. पुढे बंगले, मागे एकमेकींना खेटून उभ्या खोल्यांची रांग, आणि रांगेच्या मागे भिंत, भिंतीमागे बंद पडलेली खाण. खाणीत कोल्हे होते. ते काही काल आले नव्हते, खाण बंद पडली तेव्हापासून होते. पण पूर्वी ते आपले लांब असायचे, ओरडायचे, माणसाची चाहूल लागली की पळायचे. मग बंगल्यातल्या लोकांना मागच्या भिंतीचा एक नवा उपयोग सापडला. जेवणावळी झाल्या की उरलेले भिंतीपलीकडे. हाडे, भात, नासलेले दूध, पिशवीसकट. कचऱ्याच्या गाडीपर्यंत चालायला नको. कोल्ह्यांना आयते ताट वाढल्यासारखे झाले, आणि ताट वाढल्यावर त्यात काय आले, हाड की कुणाचे पाळलेले मांजर, हे बघत बसायचे कोल्ह्याला काय कारण? आधी प्लंबरची करडी मांजर गेली. मग सिस्टरबाईंचा बोका गेला. सिस्टरबाई म्हणजे रांगेच्या टोकाला राहणाऱ्या निवृत्त नर्स, एकट्या. बोका त्यांच्या उशाशी झोपायचा. त्या बिचाऱ्या कमिटीच्या बैठकीत उभ्या राहून बोलल्या, आवाज कापत होता तरी बोलल्या, की भिंतीपलीकडे टाकणे तेवढे थांबवा. अध्यक्षांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि निसर्गाचे एक चक्र असते, असे सांगितले. पुढचा विषय पाण्याच्या टाकीचा होता.

आणि मग अध्यक्षांच्या घरची मांजर गेली. पांढरीशुभ्र, लोकरीच्या गुंड्यासारखी, गळ्यात निळा मखमली पट्टा. खाणीच्या तोंडाशी पट्टा तेवढा सापडला. त्याबरोबर निसर्गाचे चक्र जागच्या जागी थांबले. तातडीची बैठक झाली, पिंजरेवाला आला, बोर्ड ठरला. बोर्ड रंगवायला आला तो पेंटरताईकडे, आणि तिने तो शिरोरेघेपासून शेपटीपर्यंत रंगवून दिला.

घरी सासू दारातच उभी होती. ठिगळला बघताच तिने दोन्ही हात पुढे केले.

"कुठे होती गं? मी रात्रभर पाय हलवून बघत होते, पायाशी ऊब लागेना."

पेंटरताईने दोन वाक्यांत सांगितले. सासूने मांजर मांडीवर घेतली आणि तिचा एक पाय उचलून डोळ्यांजवळ नेला. सासूला आता वस्तू नाकापाशी आणल्याशिवाय दिसत नसत.

"अगं, हिची नखं बघ जरा."

"आल्यावर बघते." ती आतून काळ्या रंगाचा डबा घेऊन बाहेर आली. दुसऱ्या हातात रुंद ब्रश, खांद्यावर शिडी.

"आल्यावर म्हणजे? आत्ता कुठे निघालीस? सूनबाई, मी काय म्हणते—"

सूनबाई आळीच्या टोकाला पोचलीसुद्धा होती.

*

गेटवरचा बोर्ड तिने आयुष्यात पहिल्यांदा वाचला तो पहिलीतले पोर वाचते तसा, शब्दाखाली बोट धरून. बोट शिडीवरून पोचत होते.

*गळ्यात पट्टा नसलेले मांजर बेवारस समजले जाईल व त्याची योग्य ती व्यवस्था लावण्यात येईल.*

अक्षरे काय देखणी उतरली होती. तिला शिसारी आली.

समजले जाईल. कोण समजणार, ते लिहिलेले नाही. व्यवस्था लावण्यात येईल. कोण लावणार, तेही नाही. असल्या वाक्यांत माणूस कधी सापडायचाच नाही, शोधून बघा. सगळे आपोआप होते. आपोआप समजले जाते, आपोआप लावण्यात येते, आणि शेवटी कुठेतरी झुडपात एक वॉचमन तार गुंडाळत बसलेला असतो. आणि 'योग्य'. त्या शब्दावर तर तिची नजर खिळूनच राहिली. एखाद्या जिवाला दुसऱ्याच्या जबड्यासमोर टांगून ठेवायचे, आणि त्याला नाव द्यायचे तर असे, अंगाला पावडर लावून. त्यातल्या 'ग्य'ची गाठ तिने दोनदा पुसून नीट केली होती. आता तेही आठवले.

तिने ब्रश डब्यात बुडवला आणि 'बेवारस'पासून सुरुवात केली.

वॉचमन आपल्या जागी परत आला होता. शिडी डगमगत होती. त्याने रस्त्याकडे बघत बघत एक हात शिडीला लावला आणि तसाच उभा राहिला. येणारे-जाणारे थबकले. प्लंबर आपली पिशवी खाली ठेवून थांबला. सिस्टरबाई रेशन घेऊन येत होत्या, त्या थांबल्या. कुणीतरी आत जाऊन सांगितले असावे, कारण दुसरी ओळ अर्धी काळी झाली तोवर अध्यक्ष आले. घरातल्याच कपड्यांवर आले होते, आणि त्यामुळे त्यांना रागावणे थोडे जड जात होते.

तसा माणूस वाईट नाही, असे त्यांच्याबद्दल वसाहतीत सगळे म्हणत. ज्याच्याबद्दल असे आवर्जून म्हणावे लागते त्या माणसाने खरे तर सावध व्हायला हवे. पण अध्यक्षांना ते कुणी सांगितले नव्हते.

ते म्हणाले, हे सार्वजनिक मालमत्तेचे नुकसान आहे. ती म्हणाली, पत्रा तुमचा, अक्षरे माझी. पत्रा पुसून देते. ते म्हणाले, गैरसमज झाला आहे, मांजराला काहीही होणार नव्हते, मधे भक्कम जाळी आहे, पिंजरेवाल्याने स्वतः खात्री दिली आहे.

"मग तुम्ही बसा ना आत एक रात्र," ती शिडीवरूनच म्हणाली. "जाळी आहे की मधे. भक्कम."

प्लंबर फस्सकन हसला आणि मग पिशवीत काहीतरी शोधू लागला.

"अहो पेंटरबाई, जरा समजून घ्या. आमच्या घरात माणूस जेवत नाहीये." अध्यक्षांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "आमच्या हिने लहानाची मोठी केली होती ती. बाटलीने दूध पाजून. ही नुसती बसून असते खिडकीत."

तेवढ्यावर ती थांबली असती तर कदाचित बरे झाले असते. त्यांच्या आवाजात काहीतरी खरे होते, ते तिच्या कानांना कळले. पण खाली सिस्टरबाई रेशनची पिशवी दोन्ही हातांनी धरून उभ्या होत्या, आणि त्यांच्याकडे कुणी बघत नव्हते.

"सिस्टरबाई जेवल्या का, विचारलं होतंत?" ती म्हणाली. "त्यांचा बोका गेला तेव्हा? त्यांना तुम्ही चक्र शिकवलंत. तुमच्या दारात आलं तेव्हा पिंजरा आणलात. आणि पिंजऱ्यात घालायला पुन्हा मांजर कुणाची? मागच्या रांगेतली."

"मागचं-पुढचं काही नाही त्यात. पट्टा नव्हता एवढंच. तुम्ही लोक मांजरं मोकाट सोडता आणि काही झालं की कमिटीच्या नावाने बोंब मारता. घरात ठेवा ना आपापली. दार लावून ठेवा. साधी गोष्ट आहे."

"मोकाट नाही. मोकळी." तिने ब्रशचे टोक त्यांच्याकडे रोखले, आणि एक काळा थेंब त्यांच्या चपलेशेजारी पडला. "दोन शब्द आहेत ते. माझी मांजर जन्मात कोंडलेली नाही आणि तुमच्या सांगण्यावरून तर मुळीच कोंडणार नाही. ठेवायचंच असेल तर तुमचा कचरा घरात ठेवा, दार लावून. ती खरी साधी गोष्ट आहे."

आता मात्र हसणे कुणी लपवले नाही. गेटबाहेर थांबलेला भाजीवालासुद्धा हसला. अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला, हा विषय बैठकीत घेऊ म्हणाले आणि परत फिरले. जाताना त्यांनी वॉचमनकडे पाहिले. वॉचमनने शिडीवरचा हात काढला नाही. पेंटरताईने शेवटचा शब्द काळा केला. बोर्डावर आता एवढेच उरले होते: *गळ्यात पट्टा नसलेले मांजर*. ते तिने राहू दिले.

*

"झालं मनासारखं?" सासूने विचारले.

ती दारातल्या पायरीवर बसून हाताला लागलेला रंग चोळून काढत होती. अंगातली धग अजून उतरली नव्हती. तिने सगळे सांगितले: जाळीचे सांगितले, चपलेशेजारी पडलेल्या थेंबाचे सांगितले, भाजीवाला कसा हसला ते सांगितले. सांगताना तिला पुन्हा चांगले वाटले. सासू ऐकत होती, पण ज्या जागी दाद द्यावी तिथे देत नव्हती. तिच्या मांडीवर ठिगळ झोपली होती आणि शेजारी वाटीत कोमट पाणी होते, गुलाबी झालेले.

"मी धुतले पाय," सासू म्हणाली. "तू आल्यावर बघणार होतीस."

मग तिने बघितले. पुढच्या दोन्ही पायांची नखे मुळाशी चिरली होती. एक होतेच कुठे, त्या जागी नुसते लाल टिंब. पंज्यांच्या गाद्या सोलल्या होत्या.

"पत्र्यावर ओरबाडत होती रात्रभर," सासू म्हणाली. "बाहेर पडायला."

पेंटरताईने मान हलवली. ते खरे नव्हते. कप्प्याचा तळ तिला आता स्वच्छ आठवत होता, रागात बघितलेले कधी कधी उशिरा दिसते तसा. ओरखडे दाराकडे नव्हते. सगळे विरुद्ध कोपऱ्यात होते. मांजर दारापासून लांब जायला बघत होती. तिने खाली आपल्या गुडघ्यांकडे पाहिले. दोन्ही गुडघ्यांवर तांबडी माती चिकटून वाळली होती. पिंजऱ्याच्या मागच्या दाराशी ती ज्या खड्ड्यात गुडघे टेकून बसली होती, तो खड्डा कोणीतरी नुकताच उकरला होता. बाहेरून. मोठ्या कप्प्यात शिरायचे सोडून कोल्हा सरळ मागे आला होता, जिथे जाळी नव्हती, नुसती कडी होती आणि कडीवर वॉचमनने गुंडाळलेली तार. इतकी तार की तिला राग आला होता.

ती मान खाली घालून गुडघ्यांवरची माती नखाने खरवडू लागली. सासूला वाटले, सून रडते आहे की काय. म्हणून तिने दुसरीकडे तोंड करून आज डाळीला फोडणी नीट बसली नाही, असे काहीतरी सांगायला सुरुवात केली.

ठिगळ उन्हे कलल्यावर उठली. तिने शेपटीपर्यंत आळस दिला, बशीतले सगळे खाल्ले, बशी पुढे ढकलत भिंतीपर्यंत नेली. मग लंगडत दारापाशी गेली, दारासमोर बसली आणि कडीकडे बघू लागली. रोजच्या वेळी, रोजच्यासारखी. कडीकडे, मग पेंटरताईकडे, मग पुन्हा कडीकडे.

पेंटरताई तिच्याकडे बघतच राहिली. हिला काही कळलेच नव्हते. म्हणजे भीती कळली होती, नखे गेली तेवढी कळली होती, पण अन्याय कळला नव्हता, बोर्ड कळला नव्हता, गेटवर आज कोण जिंकले ते तर अजिबात कळले नव्हते. ती जाणार होती. भिंतीवरून, हाडांच्या वासावरून, त्याच झुडपांत. आणि झुडपात जो बसला होता त्यालाही बैठकीतले काही कळत नव्हते.

ठिगळने एक लांब, तक्रारीचा सूर काढला.

"सोड की तिला," सासू म्हणाली. तिचा चेहरा साळसूद होता. "मोकळी आहे ना ती? आताच सांगत होतीस. मोकाट नाही, मोकळी."

पेंटरताई उठली. तिने वरची कडी लावली, जी या घरात ट्रकवरून नवरा घरी येई तेव्हाच काय ती लागायची. मग माळ्यावरून एक जुनी फळी काढली आणि खिडकीच्या खालच्या मोकळ्या भागावर ठोकली. फळीवर बापाच्या हाताने अर्धवट रंगवलेले एक नाव होते. तिने उलटी बाजू बाहेर केली. ठिगळने प्रत्येक खिळ्यागणिक आवाज चढवला, आणि शेवटचा खिळा बसला तेव्हा तिचे ओरडणे इतके भयंकर झाले होते की शेजारून कुणीतरी भिंतीवर थाप मारली.

"म्हणजे अध्यक्ष म्हणत होता ते—"

"आई, तुम्ही ते तोंडातून काढू नका."

सासूने काढले नाही. ती खुर्चीत हलत होती, आवाज न करता, आणि हसून हसून तिच्या डोळ्यांना पाणी आले होते.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी दारावर टकटक झाली. पेंटरताईने दार किलकिले केले, पायाने ठिगळला मागे सारले, अंग तिरके करून बाहेर सरकली आणि पाठीमागे दार ओढून घेतले. पायरीखाली अध्यक्षांच्या बाईसाहेब उभ्या होत्या.

त्या मागच्या रांगेत कधी आल्या नव्हत्या. आलेल्या वाटेकडे त्यांनी एकदा वळून पाहिले, परत जाताना सापडेल ना अशा काळजीने. चेहरा उतरला होता. हातात रुमालात बांधलेले काहीतरी होते.

पेंटरताईने तयारीच केली होती. कालची धग तिने रात्रभर जपून ठेवली होती, आणि पहिला शब्द चुकीचा आला की ती बाहेर काढायची होती. पण बाई आधी रुमालाच्या गाठीशीच चाळा करत राहिल्या. मग म्हणाल्या, मी आल्याचे त्यांना ठाऊक नाही. मग म्हणाल्या, पिंजरा उचलायला मी सांगितले आहे, सकाळीच नेला. आणि स्वयंपाकाच्या बाईलाही सांगितले आहे, भिंतीपलीकडे आता काही जाणार नाही, निदान आमच्या घरातून तरी. बाकीच्यांचे मला माहीत नाही. हे सगळे त्या खाली बघून, घाईने बोलल्या.

"मांजर तुमची आहे हे मला कुणी सांगितलं नाही," त्या म्हणाल्या. "नाहीतर मी... नाही, खरं सांगू का? मला वाटतं, सांगितलं असतं तरी मी काही बोलले नसते. तेव्हा नसते बोलले."

 पेंटरताईच्या रागाच्या तयारीत हे वाक्य धरलेले नव्हते.

बाईसाहेबांनी रुमाल सोडला. आत निळा मखमली पट्टा होता. धुतलेला, तरी एका जागी दातांनी चेपलेला. त्यांनी एक पाय पायरीवर ठेवून तो जरा पुढे केला.

"तुमच्या मांजरीला घालावा म्हणून आणला. म्हणजे परत कुणी हात लावायला नको." मग त्यांचा हात तसाच अधांतरी राहिला. "पण वाटेत विचार करत होते. आमचीला होताच की पट्टा."

त्यांनी रुमालाची घडी पुन्हा घातली, हळूहळू, चारही टोके जुळवून. गल्लीत कुणी नव्हते. पलीकडच्या घरात कुणीतरी भांडी विसळत होते.

"एक विचारू? रागावू नका." बाईंनी मान वर केली. डोळ्यांखाली काळे झाले होते. "बाहेर सोडता का अजून तिला?"

पेंटरताईची पाठ ताठ झाली. काल गेटवर ती काय बोलली ते या बाईच्या कानावर शब्द न् शब्द गेले असणार. सगळी वसाहत हसली होती.

"हो," ती म्हणाली. "कोंडून नाही ठेवत आम्ही. जाते-येते तिच्या मनाने. आत्ताही कुठेतरी हुंदडत असेल."

तिच्या पाठीमागे, दाराच्या आतल्या बाजूने, कुणीतरी लाकूड ओरबाडले. सासू आतून जोरात खोकली. मग पुन्हा खोकली, गरजेपेक्षा जास्त. दाराखालच्या फटीतून एक पंजा बाहेर आला, पांढरा, एका बोटावर तांबडे ठिगळ, चिरलेल्या नखांवर सासूने लावलेली हळद. तो जमिनीवर चाचपडला, डावीकडे गेला, उजवीकडे गेला, आणि पायरीवर ठेवलेल्या बाईसाहेबांच्या पावलापाशी येऊन त्यांच्या चपलेच्या बंदात अडकला.

पेंटरताई समोरच्या भिंतीकडे बघत राहिली.

बाईसाहेबांनी खाली पाहिले. मग त्यांनीही नजर उचलून त्याच भिंतीकडे पाहिले.

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "मांजर कोंडून ठेवू नये."

पंजा चपलेचा बंद ओढत होता. बाईसाहेबांनी पाय काढून घेतला नाही.